नवजात बाळाला जुने कापडी लंगोट चालतील का? पावसाळ्यात ते वाळतात तरी का?

चालतात आणि वाळतातही. पण ते कुठल्या पेटीतून निघालेत ते आधी विचारा.

तुमचं बाळ 12 दिवसांचं, इंदुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, वर पत्र्याची गच्ची, आणि सासूबाई गावाहून गाठोडंभर जुने लंगोट घेऊन आल्यात. किती लागतील, ढुंगण लाल होईल का, पावसात वाळवायचे कसे, रात्री डायपर घातला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी खरं तर पुढे सरकलो होतो, पण ‘गाठोडंभर जुने लंगोट’ वाचलं आणि परत आलो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कुणीही देईल.

माझी मुलगी 2018 च्या जुलैतली. बायकोचं माहेर देवासला, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हाच झालेलं, म्हणून बाळंतपण आमच्याकडे, इंदुरातच, लोकमान्य नगरात. आईचा उत्साह विचारू नका. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, वावडिंगाचं पाणी, सगळं जय्यत. आणि मुलगी दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी आईने माळ्यावरची काळी पत्र्याची पेटी उतरवली. आत माझे लंगोट. माझ्या आजीच्या सुती लुगड्याचे फाडून, कडा हाताने दुमडून शिवलेले. 22 लंगोट, 6 दुपटी, दोन कुंच्या. बाळाला पहिले काही दिवस जुनंच घालायचं ही आपल्याकडची रीत, आणि त्यात अर्थ आहे, कारण तीस-चाळीस वर्षं धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही नसतं. नव्या कापडाची खळ चार धुण्यांतही पुरती जात नाही. आईने एकेक लंगोट गालाला लावून पाहिला. मीही पाहिला. मऊ होते, आणि त्यांना पेटीचा वास होता. तो वास मला आवडायचाही. सुट्टीतला, दिवाळीतला वास.

चौथ्या दिवशी मुलगी पिवळी दिसायला लागली. नवजात बाळांना थोडी कावीळ होतेच, एवढं आम्हालाही माहीत होतं, पण पिवळेपणा पोटाखाली मांड्यांपर्यंत उतरला आणि ती दूध ओढेना, तेव्हा घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं आणि लिहिता लिहिताच विचारलं, “कपड़े नए हैं या पुराने? फिनाइल की गोली में तो नहीं रखे थे?” मी ठामपणे सांगितलं, नहीं साहब. मागून आईचा आवाज आला, “आहेत की. दर दिवाळीला बदलते मी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून दिसेल त्याला सांगतो, तुम्हालाही सांगतो. डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, हवेत उडते आणि कापडात मुरते. श्वासातून आणि कातडीतूनही ती शरीरात जाते. काही बाळांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर जन्मतः कमी असतं, आणि हा दोष बाळ रडून सांगत नाही. अशा बाळाला ही गोळी लागली की पेशी फुटतात, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, भसाभस वाढतं, आणि ते मेंदूत पोचलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही. मुलग्यांना धोका जास्त, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो. त्याच दिवशी घरी येऊन मी लंगोट, दुपटी, कुंच्या सगळं पोत्यात भरून गच्चीवर नेऊन टाकलं. आई जिन्यात उभी होती. “तू ह्याच लंगोटांत वाढलास,” एवढंच म्हणाली.

मुलगी 36 तास काविळीच्या उपचाराच्या निळ्या दिव्याखाली होती. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त एक दुमडून छोटा केलेला डायपर, बाकी उघडी. त्या रात्री मी बाकावर बसून जे काही मनात आईला बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

आणि मग रिपोर्ट आला. जी-सिक्स-पीडी नॉर्मल. बायकोचा रक्तगट ओ, मुलीचा बी, गट जुळत नाहीत, कावीळ त्यामुळे. पेटी निर्दोष. तो कागद आईने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय, पंचांगाखाली, आणि आजही विषय निघाला की खण उघडते. मी म्हणतो, आपलं नशीब की नॉर्मल निघाला. ती म्हणते, नशीब नाही, रिपोर्ट. सांगा आता.

तर सासूबाईंना विचारा. ओरडून नको, माझ्यासारखं तर नकोच. ‘कशात ठेवले होते?’ एवढंच. गोळ्या असतील तर ते कापड बाळाच्या जवळ नको. एका धुण्याने तो वास जात नाही हे मी नाक लावून पाहिलंय, आणि वास आहे तोवर गोळी आहे. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्यात किंवा लवंगांच्या पुरचुंडीत ठेवलेले असतील तर उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात टाका, आणि खुशाल वापरा. नव्या लंगोटांपेक्षा चांगले.

आमच्याकडे मग नवे करावे लागले. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून मलमल मीटरवर आणली, 24 इंचाचे चौकोन फाडले, शेजारच्या काकूंनी कडा शिवल्या, त्रिकोणी दुमडून बांधायचे. 40 केले. एवढे लागतात का? लागतात. पहिले पंधरा दिवस आमच्याकडे दिवसाला 18-20 जायचे, आणि पावसाळ्यात एक लंगोट दोरीवर दीड दिवस असतो, हिशेब करा. नाळ पडली नसेल तर लंगोटाची घडी बेंबीच्या खाली. पाय सरळ ओढून घट्ट बांधू नका, गुडघे बेडकासारखे बाहेर वळलेलेच हवेत, खुब्याच्या सांध्यासाठी ते बरं.

ते 40 लंगोट मी धुतले. हे मी जरा मोठ्याने सांगतो, कारण आमच्या आळीत तेव्हा ती बातमी झाली होती. सकाळी सहा वाजता, सियागंजातल्या दुकानाला जायच्या आधी, गच्चीवर दोन बादल्या घेऊन. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी टाकीतलं पाणी मोजून. समोरचे काका दात घासता घासता म्हणायचे, “क्यों भिया, आज कितने?” मी आकडा सांगायचो. माझे वडील मात्र गच्चीवर यायचेच बंद झाले, तुळशीला पाणी घालायलासुद्धा.

धुण्यात शास्त्र फार नाही, पण जे आहे ते लोक उलटं करतात. शी आधी गार पाण्याच्या धारेने काढायची, गरम पाणी थेट ओतलं की डाग पक्का बसतो. मग साबणाची पावडर नेहमीच्या निम्मी आणि पाणी दुप्पट. तीनदा खळबळायचं. शेवटच्या पाण्यात त्या वासाच्या जंतुनाशकाचं झाकण ओतायची आमच्या कामाच्या मावशींना फार हौस. मी बंद केलं, आणि दोन दिवसांत मुलीची लाली उतरली. योगायोग असेल. मऊपणासाठी मिळतं ते लिक्विड तर लंगोटाला लावूच नका, कापड पाणी शोषायचंच सोडतं.

लालीचं खरं कारण वेगळं. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्याने कातडीवरची आम्लता जाते आणि शीतली पाचक द्रव्यं कातडीलाच चावायला लागतात. म्हणजे ओलं किती वेळ राहिलं ह्यावर सगळं आहे. लंगोट ओला झाला की बाळ रडतं, आपण बदलतो, म्हणून लंगोट चांगला. तो बदलला नाही तर डायपरपेक्षा वाईट, कारण डायपरमधली पावडर शू ओढून जेल तरी करते. मांडीच्या घड्यांच्या आत लालभडक आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर ती बुरशी असते, तिच्यावर खोबरेल तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

लंगोटाचा एक फायदा कुणी सांगत नाही. त्यावर सगळं दिसतं. आमच्या मुलीच्या तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडावर विटकरी-गुलाबी डाग उमटला. बायकोला वाटलं रक्त. ते युरेटचे स्फटिक होते, पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध कमी पोटात जातं तेव्हा दिसतात. तुमच्या बाळाला ते आता दिसले तर मात्र दूध पुरत नसेल, विचारून घ्या. दिवसाला सहा तरी नीट ओले लंगोट हवेत. हा हिशेब कापडावर बोटांनी होतो, डायपरमध्ये आपण वजनाचा अंदाज करत बसतो.

आणि ऊन. श्रावणात दुपारी तासभर उघडीप मिळायची, तेवढ्यात मी दुकानातून फोन करायचो, लंगोट उलटवा म्हणून. दुधावरच्या बाळाच्या शीचा तो मोहरीसारखा पिवळा डाग, साबणाने घासून न गेलेला, उन्हात ओला पसरून ठेवला की संध्याकाळी नाहीसा. नंतर मला कळलं की मुलीच्या अंगावरचा पिवळेपणा आणि हा डाग ह्यांत बिलिरुबिनचंच नातं, आणि दोन्ही उजेडानेच जातात. निळ्या दिव्याचा उपचारही असाच सापडला. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हाला न्यायच्या. एका पिवळ्या बाळाचं अंग निवळलं होतं, फक्त चादरीचं टोक होतं तेवढा त्रिकोण पिवळा राहिला. हे वाचून बाळाला गच्चीवर ठेवू नका हं. काविळीला दवाखानाच, ऊन लंगोटांना.

उघडीप नसेल तर खोलीत दोरी, पंखा आणि शेवटी इस्त्री. आपल्याकडे शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवतात, ओव्याचा धूरही होतो. दार-खिडकी उघडी असेल आणि बाळ त्या खोलीत नसेल तरच. बंद खोलीत कोळसा म्हणजे जिवाशी खेळ.

रात्री डायपर घाला. इथे मी माझ्या आत्याशी भांडून बसलोय, तिच्या मते डायपर म्हणजे आळशी बायकांची सोय. ती स्वतः लंगोट धुवायला तीन जावांमध्ये होती. तुमच्याकडे कोण आहे? तुम्ही लिहिलंत की नवरा रात्री उशिरा येतो. मग सकाळी सहाला त्याला बादल्या द्या. नाही म्हणाला तर 40 लंगोट शिवू नका, दिवसाही डायपर वापरा आणि दर तीन तासांनी बदला. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून कचरागाडीच्या वेगळ्या डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात टाकलेत तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर ऐकवतो.

2022 मध्ये मुलगा झाला. आई महिनाभर आधीच पेटी गच्चीवर काढून बसली, रोज ऊन दाखवत. ‘रिपोर्ट आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, रिपोर्ट मुलीचा आहे, मुलाचा नाही. चार दिवस बोलणं बंद. लंगोट वापरले नाहीत, मी जिंकलो. पेटी परत माळ्यावर गेली तेव्हा मी उघडून पाहिली, आत कडुलिंबाचा पाला होता. गोळ्या का काढल्यास विचारलं तर म्हणाली, महाग झाल्यात.

ता.क. बायकोने हे वाचलं. पहिले 11 दिवस मावशी धुवायच्या, आणि नंतर रविवारी ती स्वतः, असं तिचं म्हणणं आहे. रविवारचं मला आठवत नाही.