कॉम्बॅट फ्लाइट गेममधली विमानं इतिहासाला धरून असतात का?

दिसायला बहुतेक वेळा हो. रंग, खुणा, कॉकपिटमधले डायल यांवर गेमवाले भरपूर मेहनत घेतात. घोळ असतो तो उडण्यात आणि लढण्यात.

चाचणी घ्यायचीच तर १९४०चं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर मार्क १ घ्या आणि स्टिक (विमान वळवायचा दांडा) झटकन पुढे ढकला. खऱ्या विमानात मर्लिन इंजिन गचके खायचं, कारण कार्ब्युरेटर फ्लोटचा (तरंगत्या भागाने इंधनाची पातळी राखणारा) होता आणि निगेटिव्ह जीमध्ये (नाक झटकन खाली जाताना सगळं वर फेकलं जातं तेव्हा) इंधनपुरवठा बिघडायचा. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे तो पायलट सरळ नाक खाली घालून निसटायचा. १९४१ मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी एक छोटी चकती बसवून यावर तात्पुरता तोडगा काढला. गेममध्ये इंजिन कुरकुरलंच नाही, तर तो आर्केड, म्हणजे वास्तवाची फारशी पर्वा न करणारा गेम समजा (मजा येते, ते वेगळं!).

दुसरी खूण म्हणजे गोळ्या. त्या स्पिटफायरला आठ मशीनगन, प्रत्येकीला ३०० गोळ्या. बटण दाबून ठेवलं तर साधारण १५ सेकंदांत सगळं संपतं.

वेगाच्या आकड्यांवरून मात्र लगेच भांडू नका. तेच विमान १०० ऑक्टेन या वरच्या दर्जाच्या इंधनावर जास्त बूस्ट (इंजिनात दाबून भरलेली हवा) घेऊन पळायचं, म्हणजे दोन वेगळे आकडे दोन्ही खरे असू शकतात.

आयएल-२ स्टर्मोविक ही गेमची मालिका या बाबतीत बरीच काटेकोर आहे. वॉर थंडर या गेममध्ये विमानं बॅटल रेटिंगनुसार (लढण्याच्या ताकदीला दिलेल्या गुणांनुसार) जुळवतात, सालानुसार नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कधीच न भेटलेली विमानंही तिथे एकमेकांशी लढतात.