पॅनकेक चिवट का होतात?

प्रश्न : मी मुलांसाठी घरी पॅनकेक करते, परंतु ते चपटे आणि चिवट होतात. हा पदार्थ मूळचा अमेरिकी आहे का, आणि तो हलका कसा करावा?

उत्तर : अमेरिकेने त्याला आजची जाडी दिली, एवढेच. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याने तापलेल्या तेलात गव्हाचे पातळ पीठ ओतून, ते उलटसुलट भाजण्याची रीत लिहून ठेवली आहे. काही जण त्यात मध घालतात, असेही तो सांगतो. इंग्लंडमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासात अंडी व लोणी वर्ज्य असल्यामुळे ती संपवण्यासाठी आदल्या मंगळवारी पॅनकेक करीत, मात्र ते आपल्या घावनासारखे पातळच असत. फुगीर प्रकार एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर आल्यानंतर रूढ झाला.

आता चिवटपणाकडे वळू. बहुधा आपण पीठ फार फेटत असाल, त्यामुळे मैद्यातील ग्लूटेन या प्रथिनाचे चिवट जाळे तयार होते. 125 ग्रॅम मैदा, 2 लहान चमचे बेकिंग पावडर, 1 मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात 1 अंडे, 150 मिली दूध व 2 मोठे चमचे वितळलेले लोणी घालावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबवावा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. दहा मिनिटांनी मंद आचेवर डावभर पीठ तव्यावर ओतावे, ते पसरवू नये. वरचे बुडबुडे फुटून छिद्रे तशीच राहिली की एकदाच उलटावे. उलथन्याने दाबण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने आतली हवाच निघून जाते.