'डिस्पर्स'ला 'पांगवणे' चालेल का?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडवरच्या एका ऐतिहासिक मालिकेत पोलीस अधिकारी वरिष्ठांना सांगतो, 'वुई डिस्पर्स्ड देम.' पुढच्याच दृश्यात ओढ्याकाठी प्रेतं दिसतात. घरच्यांसाठी मराठी उपशीर्षकं लिहिताना इथे 'पांगवलं' लिहावं की सरळ 'मारलं'?

'पांगवलं'च लिहा.

मराठीत ढग पांगतात, चरायला सोडलेली गुरं पांगतात, सभा उठली की माणसं पांगतात. पांगलेलं पुन्हा गोळा होतं, हे या क्रियापदात धरलेलंच असतं; गुरं तिन्हीसांजेला गोठ्यात येतात. तिकडच्या 'नेटिव्ह पोलीस' या सरकारी दलाने पांगवलेल्यांपैकी कितीतरी जण परत आलेच नाहीत. हे दल १८४८ साली उभं राहिलं. अधिकारी गोरे आणि स्वार आदिवासी, तेही मुद्दाम दूरच्या मुलखातून आणलेले, म्हणजे समोरच्यांशी नातंगोतं नाही. १८६१च्या चौकशीत अधिकाऱ्यांनी सांगितलं, की मोठा जमाव दिसला की पांगवायचा, असा हुकूमच आहे. कागदावर तेवढंच. १८८० साली ब्रिस्बेनच्या 'क्वीन्सलँडर' साप्ताहिकाने या हत्यांविरुद्ध लेखमाला चालवली, तोवर या शब्दाचा खरा अर्थ तिकडे सगळ्यांना ठाऊक होता.

म्हणून अधिकाऱ्याच्या तोंडी 'मारलं' घातलंत तर त्याचा खोटेपणा तुम्हीच पुसून टाकाल. 'जमाव पांगवला' हे तर आपल्याकडच्या पोलिसी बातमीतलं नेहमीचं वाक्य आहे. ते वाचून लगेच ओढ्याकाठचं दृश्य पाहणाऱ्याला जो धक्का बसेल, तो बसायलाच हवा. मालिकेतली, ओढ्यापलीकडून सगळं पाहिलेली म्हातारी बोलते तेव्हा मात्र 'मारलं', 'कापून काढलं' असंच लिहा.

'बंदोबस्त केला' हा पर्यायही मनात आला होता. खानदेशात भिल्लांना काबूत आणताना १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, हे साम्यही डोळ्यांत भरतं. पण 'तुझा बंदोबस्त करतो' यातली धमकी मराठी कानाला लगेच कळते. 'डिस्पर्स' इतकं उघड बोलत नाही.

'अ‍ॅबोरिजिनल'ला 'आदिवासी' अर्थाने चोख बसतो; दोन्हींत 'मुळापासूनचे' हाच भाव आहे. तरी पात्रं आपापल्या लोकांविषयी बोलतात तिथे जमातीचं नाव द्या: कलकादून, यीमन, दारुंबल, जे असेल ते. आपणही वारली, कोरकू, माडिया असं नावानेच म्हणतो, आणि वारल्याला कोरकू म्हटलं तर त्याला ते चालणार नाही. तिकडे तर शेकडो भाषा होत्या. सरसकट 'आदिवासी' लिहिलंत तर स्वार आणि ओढ्याकाठचे लोक एकमेकांना परके आहेत, हेच प्रेक्षकाला कळणार नाही. गोऱ्या पात्रांच्या तोंडचं 'ब्लॅक्स' मात्र 'काळे' असंच ठेवा, सौम्य करू नका.

आणि 'स्टेशन' तेवढं बदलाच. तिकडे स्टेशन म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली मेंढ्यागुरांची जमीन आणि तिच्यावरची घरं. 'स्टेशनवर हल्ला झाला' वाचून आपल्या माणसाला फलाट आठवेल. 'कुरणावर हल्ला झाला' लिहा.