गावच्या घरी नवीन गॅस शेगडी बसवली. गळती आहे की नाही, ते घरीच कसं तपासायचं?

काडी ओढून मुळीच पाहू नका. आमच्याकडे अजूनही काही जण तसंच पाहतात, म्हणून आधी हेच सांगतो. वाटीभर पाण्यात साबणाचा दाट फेस करा. शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा अन् दाढीच्या जुन्या ब्रशनं तो फेस रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि सबंध नळीवर लावा. बुडबुडा फुगत राहिला, की गळती तिथंच. रेग्युलेटर बंद करून एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. चिकटपट्टी, एम-सील असले जुगाड नकोत.

हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खाली, उभा. शेगडी त्याहून उंच ओट्यावर. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच: दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरातच भरलेला असतो, अन् बाजूला चूलही पेटते. त्या खोलीत सिलिंडर नकोच. नळी आयएसआय छापाची घ्या, ५ वर्षांनी बदला.

रात्री वास आला तर लाइटच्या बटणाला हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर अंगणात येऊन मग १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन लावा.