शेजारी दिसले म्हणून जोडतारे होत नाहीत

मार्गशीर्षात मृग नक्षत्र वर आलं की जळगाव-धुळ्याकडून जोडताऱ्यांचे (म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचे) आणि एकूणच ताऱ्यांचे दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एकमेकांभोवती फिरतात का? (चोपडा)

नाही.

वसिष्ठ-अरुंधती मिळून तारे किती? (यावल)

सहा. वसिष्ठात चार, अरुंधतीत दोन.

व्हिडिओत सांगतात, दुर्बिणीत दोन तारे चिकटून दिसले की ते जोडतारे. मी असे अकरा शोधलेत. नोंद कुठे करू? (भुसावळ)

इतक्यात नको. रात्री बांधावर उभं राहा. समोरच्या विहिरीवरचा बल्ब आणि सातपुड्यातल्या पाड्यावरचा दिवा शेजारी शेजारी दिसतात. मध्ये कितीतरी कोस असतात. आकाशातही हेच होतं. दोघांचं आपल्यापासूनचं अंतर सारखं आहे का, दोघं एकाच दिशेनं, एकाच वेगानं सरकतात का, हे आधी बघायचं. ताऱ्यांची अंतरं आणि सरकणं मोजलेल्या गाया यानाची मोजमापं सगळ्यांना फुकट खुली आहेत, तरी ती न उघडता लोक 'शोध' जाहीर करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तरुण ताऱ्यांच्या बाबतीत तर नुसत्या डोळ्यांवर मुळीच जाऊ नका. वृषभातला टी तारा १८५२ साली सापडला आणि शंभरावर वर्षं एकटाच समजला गेला. १९८०च्या दशकात अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात त्याचा धुळीत दडलेला सोबती दिसला. पुढे कळलं, तो सोबतीही एक नाही, दोन आहेत, आणि ते सुमारे २७ वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात. अशा फेरीवरून ताऱ्याचं वस्तुमान थेट मोजता येतं, म्हणून या जोड्या मोलाच्या. शिवाय घाईही आहे: तिघं एकमेकांच्या जवळ जन्मले तर ओढाताणीत बरेचदा एक बाहेर फेकला जातो. किती भावंडं जन्मली हे घर फुटायच्या आधीच मोजावं लागतं. मृगाच्या तेजोमेघात लहान दुर्बिणीतूनही चार ठिणग्यांची चौकट दिसते. तिचं वय सुमारे दहा लाख वर्षं. सूर्याला पन्नाशीचा गृहस्थ मानलं तर ही चौकडी चार दिवसांची!

तुमच्या अकरा जोड्यांची तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, दोघांमधली दिशा वहीत लिहा आणि ती वही भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

बाळाच्या नावानं तारा नोंदवून प्रमाणपत्र देतात. पैसे भरू? (नंदुरबार)

एक रुपयाही नको. ताऱ्यांना अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ देतो, आणि तो ती विकत नाही.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला याच विषयात जायचंय. पदवीनंतर बघू म्हणतोय. (चाळीसगाव)

पदवीनंतर का? पायथन ही संगणकाची भाषा आत्ता शिकू द्या, गायाची माहिती आत्ता उघडू द्या. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सुटीतले विद्यार्थी-उपक्रम असतात; त्यांची अर्जाची मुदत आजच बघा, आणि तिच्या विभागप्रमुखांना या आठवड्यात भेटा. तुमच्या शेजारच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. तिला एकदा तिथे घेऊन जा.