अकरा वर्षांच्या मुलासाठी बेसबॉलची लाकडी बॅट: आधी वजन बघा, मग लाकूड

३१ इंची मेपल लाकडाची बॅट दुकान परत घेत असेल तर आधी ती परत करा. बॅट चांगली असेलही, पण तुमच्या मुलाच्या मापाची नाही.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. मुलगा ११ वर्षांचा, उंची ४ फूट ८ इंच, न्यू जर्सीत लिटल लीग, म्हणजे मुलांचं बेसबॉल, खेळतो. सध्या त्याच्याकडे ३० इंच लांब, २० औंस वजनाची ॲल्युमिनियमची बॅट आहे. कोचने हिवाळ्यातल्या सरावासाठी लाकडी बॅट आणायला सांगितली. ‘वर्षभरात वाढेलच’ म्हणून त्याच्या बाबांनी एक इंच मोठी, २८ औंसांची मेपलची बॅट घेतली. आता चेंडू लागला की हात झिणझिणतात आणि मुलगा ती बॅट हातात धरायला तयार नाही. तुम्ही विचारलंय की ॲश घ्यावी की मेपल, क्रिकेटच्या बॅटसारखी तेल लावून, ठोकून घ्यावी का, आणि सामन्यात ती चालेल का.

ॲश की मेपल हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया, कारण खरी अडचण दोन बॅटींमधल्या ८ औंसांची आहे. ८ औंस म्हणजे जवळपास २२५ ग्रॅम. बेसबॉलचा चेंडू ५ ते सव्वापाच औंसांचा असतो. म्हणजे जुन्या बॅटला दीड चेंडू बांधून ‘फिरव आता’ म्हटल्यासारखं झालं. शिवाय काट्यावरचं वजन ही अर्धीच गोष्ट. ॲल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते, त्यामुळे बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो पुढचा भाग, जाड असूनही हलकं राहतं. लाकडी बॅट भरीव, तिचा भार बॅरलकडे, हातांपासून लांब. वजन आणि लांबी सारखी असली तरी फिरवताना लाकडीच जड लागते. म्हणून लाकडी बॅट घेताना मुलाच्या ॲल्युमिनियमच्या बॅटपेक्षा एक इंच आखूड घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वाढत्या मुलाला मोठं माप घ्यायचा आपला हिशेब इथे उपयोगाचा नाही. बॅट झेपली नाही की मुलं हात खाली सोडतात, बॅरल मागे रेंगाळतं आणि चेंडूवर उशिरा पोचतं. ती सवय पुढे मोडताना कोच आणि मुलगा दोघांचेही हाल होतात.

बॅटवर -१०, -५, -३ असे आकडे असतात. लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले की तो फरक निघतो. मोठ्यांच्या लाकडी बॅटी साधारण -२ किंवा -३ असतात. तुमच्याकडे आलेली -३ ची, म्हणजे मोठ्यांच्या घडणीची आहे. मुलांसाठी -५ ते -७ च्या लाकडी बॅटी मिळतात. तुमच्या मुलाला मी २९ इंच, २२ किंवा २३ औंसांची सुचवेन. २३ सुद्धा जड गेली तर २८ इंची घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

दुकानात एका हातात बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ ठेवायला सांगतात. वीसेक सेकंदांच्या आत हात थरथरून खाली येऊ लागला तर बॅट जड, असा अंदाज. अगदी जड बॅट यातून कळते, पण माझा विश्वास टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, जास्त. चेंडू टीवर ठेवा आणि सलग दहा-बारा स्विंग करायला लावा. शेवटच्या दोन-तीन स्विंगकडे नीट बघा. पहिल्यासारखेच असतील तर बॅट झेपतेय. मागचा खांदा खाली जायला लागला, किंवा स्विंग संपताना बॅट त्यालाच ओढून नेतेय असं दिसलं, तर नाही. काही दुकानांत सरावाचं जाळं असतं, तिथेच हे करता येतं.

आता झिणझिण्या. बॅरलच्या टोकापासून काही इंच आत एक पट्टा असतो. मोठ्यांच्या बॅटवर साधारण ५ ते ७ इंच आत, लहान बॅटवर टोकाच्या थोडा जवळ. चेंडू तिथे लागला तर हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. मुठीजवळ किंवा अगदी टोकाला लागला की बॅट थरथरते आणि ती थरथर थेट तळव्यात येते, थंडीत तर फारच. ॲल्युमिनियमच्या बॅटवर हा पट्टा ऐसपैस असतो, लाकडावर अरुंद. म्हणूनच कोच लाकडी बॅट आणायला सांगतात. चेंडू कुठे लागला हे मुलाला कोणी सांगावं लागत नाही, हातच सांगतात. पण हे शिक्षण झेपणाऱ्या बॅटनेच होतं. २८ औंसांच्या बॅटने तो पट्टा वेळेवर चेंडूपर्यंत पोचतच नाही, मग मुलगा शिकतो ते एवढंच की लाकडी बॅट दुखते. त्याचा कंटाळा खरा आहे, त्याला रागावू नका.

लाकडाचं बोलायचं तर बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतील: ॲश, मेपल आणि बर्च. ॲश किंचित लवचिक, हलक्या वजनात मिळायला सोपी. वापरून वापरून तिच्या रेषांवर पापुद्रे सुटायला लागतात, म्हणजे ती संपत आल्याचं आधी कळतं. मेपल घट्ट आणि कडक, तिला पापुद्रे सुटत नाहीत, पण मोडली तर एकदम मोडते. बर्च दोन्हींच्या मधली. २००१ मध्ये बॅरी बाँड्स या खेळाडूने मेपलच्या बॅटने ७३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, मेपलची लाट आली. त्यात २००२ मध्ये मिशिगनमध्ये ॲशची झाडं पोखरणारा आशियाई किडा सापडला. तो पुढे पसरत गेला आणि चांगली ॲश मिळणं अवघड झालं. आज व्यावसायिक खेळाडूंच्या हातात बहुतेक मेपलच दिसते, त्यामुळे मुलांनाही तीच हवी असते. पण सरावाला आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला मी बर्च किंवा ॲश देईन. थोडी लवचिक असल्याने चुकलेला फटका जरा सोसते. त्याला मेपलच हवी असेल तरी अडचण नाही, वजन आणि ग्रेन (लाकडातल्या रेषा) नीट असले म्हणजे झालं.

ग्रेनवर मात्र वेळ घालवा. क्रिकेटची बॅट घेताना आपण विलोच्या ग्रेन मोजतो. इथे मोजण्यापेक्षा त्या सरळ आहेत का हे महत्त्वाचं. बॅट उजेडात धरा आणि मुठीपासून बॅरलकडे जाणाऱ्या रेषा बघा, विशेषतः हँडलच्या बारीक भागात. त्या बॅटच्या लांबीला समांतर हव्यात. एखादी रेष दहा इंचांत अर्धा इंच बाजूला सरकत असेल तर कल साधारण ३ अंश झाला, आणि व्यावसायिक बॅटींसाठी तीच मर्यादा आहे. २००८ मध्ये मेजर लीगमध्ये मेपलच्या बॅटींचे तुकडे मैदानात उडायला लागले, तेव्हा मेजर लीगने अमेरिकेच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेतल्या लाकूडतज्ज्ञांची मदत घेतली. तिरक्या ग्रेन हे मोठं कारण निघालं. मेपलच्या रेषा डोळ्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून व्यावसायिक मेपल आणि बर्चच्या हँडलवर शाईचा ठिपका देतात. शाई रेषेच्या दिशेने पसरते आणि कल उघड होतो. मुलांच्या स्वस्त बॅटींवर हा ठिपका सहसा नसतो. म्हणून ऑनलाइन न मागवता दुकानात जा आणि एकाच मॉडेलच्या चार-पाच बॅटी काढून बघा. एकाच खोक्यातल्या दोन बॅटींच्या रेषांत केवढा फरक असतो ते तिथे दिसेल. हाताशी वजनकाटा असेल तर उत्तम, कारण लाकडात छापलेल्या आणि खऱ्या वजनात एखाद-दुसऱ्या औंसाची तफावत सहज निघते. पातळ हँडल टाळा. मध्यम बॅरल आणि जरा जाड हँडलची बॅट मुलांना जास्त टिकते.

पहिल्या दिवशीच मुलाला बॅटवर छापलेलं कारखान्याचं लेबल दाखवा. चेंडू लागतो त्या क्षणी लेबल आकाशाकडे किंवा जमिनीकडे असायला हवं, चेंडूकडे कधीच नाही. ॲशवर चेंडू रेषा दाट दिसतात त्या कडेवर घ्यायचा असतो, मेपल आणि बर्चवर रेषा रुंद पसरलेल्या दिसतात त्या बाजूवर. चांगले कारखाने लेबल त्या हिशेबानेच छापतात, त्यामुळे मुलाला एकच नियम पुरतो.

तेल आणि ठोकणं, दोन्ही नको. विलो मऊ लाकूड, लेदरच्या चेंडूसाठी त्याचा पृष्ठभाग दाबून घट्ट करावा लागतो. इथली लाकडं मुळातच कठीण आणि वर लॅकर चढवलेलं. जवसाचं तेल लावून बॅट फक्त चिकट होईल. तिला ओलावा आणि उष्णता सोसत नाही, एवढं सांभाळा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, गॅरेजच्या ओल्या जमिनीवर उभी करू नका.

सामन्याबद्दल. लिटल लीगमध्ये २०१८ पासून ॲल्युमिनियम आणि कॉम्पोझिट (कार्बन तंतूंसारख्या मिश्र साहित्याच्या) बॅटींवर ‘यूएसए बेसबॉल’ या संघटनेचा शिक्का लागतो. एकसंध भरीव लाकडाच्या बॅटला तो लागत नाही. लांबी ३३ इंचांपर्यंत आणि जाडी २ ५/८ इंचांपर्यंत हवी, २९ इंची बॅट त्यात आरामात बसते. बांबूची किंवा पट्ट्या चिकटवून केलेली बॅट मात्र एकसंध धरली जात नाही, तिला शिक्का लागतो. ती स्वस्त आणि टिकाऊ म्हणून घ्यायला सांगणारे भेटतील, तेव्हा आधी हे तपासा. दुसऱ्या संघटनांच्या स्पर्धांचे नियम वेगळे असतात, म्हणून सामन्यात वापरायच्या आधी कोचला विचारा. मी असतो तर पहिला हिवाळा सरावापुरतीच ठेवली असती आणि वसंतात त्याने स्वतः मागितली तरच सामन्यात नेऊ दिली असती.

एक गोष्ट त्याला आणि बाबांना दोघांनाही सांगून ठेवा. सरावानंतर बॅटचा नॉब, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, जमिनीवर हलकेच आपटून बघायचा. आवाज खणखणीत हवा. भसाडा आला, किंवा हँडलवरून बोट फिरवताना नखाला बारीक चीर लागली, तर त्या दिवसापासून ती बॅट बंद. टेप गुंडाळून किंवा गोंद भरून पुन्हा वापरायची नाही, कारण ती पुढच्या फटक्याला सुटली तर टोकदार तुकडा कोणाच्या दिशेने जाईल सांगता येत नाही. मुलांच्या मापाच्या साध्या बॅटी महाग नसतात. २८ औंसांची परत गेली तर बहुधा त्याच पैशात हव्या मापाची येईल.