वाचक विचारतात : बारा दिवसांत मुलांशी नातं जुळतं का?

प्रश्न : सलाम ताई. आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघातले आम्ही आठ जण नोव्हेंबरमध्ये बारा दिवसांसाठी नेपाळला चाललोय, पोखऱ्याजवळच्या एका शाळेत. इंग्लिश शिकवायचं, फुटबॉल घ्यायचा, गिटार पण आहे. पाळकसाहेब म्हणतात आधी मुलांशी नातं जोडा, बाकीचं प्रभू बघेल. पण ते जोडायचं कसं? आणि येशूबद्दल बोलायचं की नाही, की नुसतंच खेळून परत यायचं?
- एक तरुण वाचक, नगर

उत्तर : सलाम. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण त्यात गडबड झाली तर तुमचं तिकीट वाया जाईलच पण त्या शाळेचंही नुकसान होईल. नेपाळमध्ये धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, 2015 च्या राज्यघटनेतच लिहिलंय, आणि 2018 पासून जी नवी अपराध संहिता लागू झाली तिच्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा संपल्यावर देशाबाहेर. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण परदेशी नाही असं समजू नका, तिथे आपण परदेशीच. कायदा बरा की वाईट यावर घरी बसून वाद घाला, तिथे जाऊन पाळा. तिथे जुन्या मिशनऱ्यांनी पण असंच केलंय. पाटण्याहून गेलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर मार्शल मोरन यांनी 1951 मध्ये काठमांडूजवळच्या गोदावरी गावात शाळा काढली, 1954 पासून युनायटेड मिशन टू नेपाळ या ख्रिस्ती संस्थेने दवाखाने-शाळा चालवल्या, सरकारशी करार करून, आणि धर्मप्रसार करायचा नाही ही त्यातली अटच होती. म्हणजे शाळेत साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) नाही, वर्गात बायबलची गोष्ट नाही, खाऊसोबत पत्रक नाही. तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवू मात्र नका. कुणी विचारलं तर हो म्हणा आणि फुटबॉल पुढे चालू ठेवा. उपासनेला मंडळीत जा, तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे बऱ्याच मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच.

आता नातं. मी शाळेत शिक्षिका होते आणि अशाच एका टीमबरोबर दोनदा जाऊन आलेय म्हणून सांगते, पहिले तीन दिवस तुम्ही काही "घेऊ" नका. कार्यक्रमांची फाईल घेऊन गेलेली टीम मुलांकडे बघतच नाही, ती घड्याळाकडे बघते. आमचं पहिल्या वेळी तेच झालं. गाणी, स्किट, पपेट, सगळं दणक्यात, मुलं टाळ्या वाजवायची आणि मधली सुट्टी झाली की आपल्या आपल्या घोळक्यात पळायची. चौथ्या दिवशी सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन हिंदीत म्हणाला, मिस, आप पुनासे हो? म्हटलं पुण्याच्या जवळ. तर म्हणे माझे बाबा पुण्यात वॉचमन आहेत, पुना कसं असतं? मग काय, मी त्याला पुणं सांगत बसले, रिक्षा, पाऊस, वडापाव, सोसायटीच्या गेटवरची ती एवढीशी केबिन, हो तीसुद्धा सांगितली कारण त्याला तीच हवी होती. दुसऱ्या दिवशी आणखी चार जण आले. कुणाचा काका मुंबईत चायनीजच्या गाडीवर, कुणाचे वडील कतारला, कुणाची आई मलेशियाला. त्या वर्गात घरी आईबाप दोघं असलेली मुलं मोजकीच होती. आपण आपल्या बिल्डिंगमध्ये ज्याला नुसतं "बहादूर" म्हणून हाक मारतो (आणि हे त्याचं नाव नसतं बरं का) त्याचं पोरगं माझ्यासमोर बसलं होतं. गिटारने जे नाही झालं ते त्या केबिनने झालं.

तेव्हा विचारा आणि ऐका. हिंदी बहुतेकांना कळते, सिरियल आणि सिनेमांमुळे, आणि लिपी आपलीच असल्याने पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात, त्याचा फायदा घ्या, त्यांच्याकडून रोज दहा शब्द शिका आणि चुका. मास्तर चुकतोय हे बघून मुलं जी खूश होतात ती कशानेच होत नाहीत. तुम्हाला ती दाइ आणि दिदी म्हणतील, तुम्ही भाइ, बहिनी म्हणा. "खाना खानुभयो?" म्हणजे जेवलात का, हे नमस्तेइतकंच चालतं, पाठ करून जा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही पण तुमचं सदर वाचते. राग मानू नका, पण असं "नातं जोडणं" म्हणजे गळाला लावलेलं आमिषच नाही का? माझ्या पोराच्या शाळेत कुणी असं नातं जोडायला आलं तर मला चालणार नाही.
- एक पालक, पुणे

उत्तर : राग कशाला, मलाही चालणार नाही. आमिष असतं कधी कधी, खोटं का बोलू. आणि आपल्याकडे हे होऊन गेलंय, तेव्हा आपण शाळेतल्या बाकावर होतो आणि टीम स्कॉटलंडहून, अमेरिकेहून यायची. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशांनी पोरं शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये ब्राह्मण घरातले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, तो अज्ञान (वयाने लहान) म्हणून कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिला, मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर केवढं रण माजलं, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बारा-तेरा वर्षांचं पोर ते, दोन्हीकडून ओढलेलं. मी ख्रिस्ती आहे आणि तरी मला यात आधी त्याचे आईवडील दिसतात. अठरा वर्षांखालच्या मुलाशी धर्माबद्दल बोलायचं तर पालकांना माहीत असलं पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही, आमच्या मंडळीतल्या काहींना हे पटत नाही, न पटो.

पण दुसरी बाजू पण ऐका. सिंथिया फॅरर नावाची अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईला आली, नंतर नगरला, मुलींना शिकवत राहिली आणि 1862 मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला फॅररबाईंच्या मुलींच्या शाळा बघून आले आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती काही झाले नाहीत, उलट मिशनऱ्यांना सोडून बाकी सगळ्यांशी भांडले असं माझे वडील गमतीने म्हणायचे. पस्तीस वर्षं इथे काढलेल्या बाईची आणि आमच्या बारा दिवसांची तुलना होत नाही हे मला कळतं. तुमच्या शंकेचं खरं उत्तर असं की मुलगा "नको" म्हणाला, तरी त्याच्याशी तुम्ही तसेच वागता का ते बघायचं. नाही वागलात तर ते आमिषच होतं.

प्रश्न : मी पण त्याच टीममध्ये आहे. मुलांसाठी काय गिफ्ट न्यायची? आणि आल्यावर ती फेसबुकला रिक्वेस्ट पाठवतात म्हणे, घ्यायची का?
- एक वाचक, नगर

उत्तर : लहान मुलांची रिक्वेस्ट घेऊ नका, शाळेचा किंवा सरांचा नंबर घ्या आणि त्यावर निरोप पाठवा. फोटो शिक्षकांना विचारून, आणि पोरांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर "गरीब बालके" म्हणून टाकू नका. निघताना "पुढच्या वर्षी येतो" म्हणू नका. मी म्हटलं होतं. पुढच्या वर्षी नाही गेले, त्याच्या पुढच्या वर्षी गेले तेव्हा तो पुण्याचा विचारणारा मुलगा शाळा सोडून गेला होता, काकाबरोबर कामाला, कुठे ते सरांनाही नीट माहीत नव्हतं.

गिफ्ट एकेकाला वाटू नका, भांडणं होतात, जे द्यायचं ते हेडसरांच्या हातात शाळेसाठी. आमच्या टीमने बारा नवे फुटबॉल नेले होते. पंप न्यायला विसरलो, तो न्या.